पथ्याचा बांगडा

यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा भेटायला येणारी माणसं दोन तऱ्हेचे सल्ले देत होती. काही म्हणायची, आता मासे-मटण बंद, वरण-भात आणि दुधी. बाकीची म्हणायची, मासे हवे तेवढे खाऊ देत, माशाने हृदय चांगलं राहतं. आम्ही मालवणचे. आमच्याकडे मासा बंद करणं म्हणजे घरातला स्वयंपाकच बंद करण्यासारखं, त्यामुळे दुसरा सल्ला ऐकायला गोड वाटत होता. पण मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे, आणि कानावर आलेल्या गोष्टीमागचा मूळ अभ्यास शोधून वाचायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. स्वयंपाकघर माझ्या हातात, औषधांचा डबाही माझ्याच हातात. या दोन्हींमधून जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे. ज्या घरात हृदयाचा आजार आणि माशाची आवड दोन्ही आहेत, त्या घरात मासे रांधणाऱ्यासाठी हे लिहिणं आहे.

१. मासा ताटात आला, तेव्हा ताटातून काय गेलं?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ साली जो सल्ला दिला, त्यात आठवड्यातून एक-दोनदा मासे खा असं आहे. विशेषतः हृदयाला कमी हितकारक अशा पदार्थांच्या जागी. ही अट लोक विसरतात. रविवारचं मटण तसंच, कोंबडी-वडे तसेच, चार वाजताच्या चहाबरोबरची शेव तशीच, आणि वर बुधवारी मासे. असं केल्याने हृदयाला काय मिळणार? आमच्याकडे रविवारचं मटण गेलं आणि त्या जागी बांगडा आला. ही अदलाबदल यांना सुरुवातीला जड गेली, मला त्याहून जड गेली, कारण मटणाचा रस्सा हा माझ्या हातचा मानाचा पदार्थ.

दुसरी गोष्ट कोकणातल्या प्रत्येक बाईला माहीत असते, पण पथ्याच्या गप्पांत ती कोणी काढत नाही. माशाचं कालवण झालं की भात जास्त जातो. एरवी एक वाढप पुरणारं माणूस कालवणाच्या दिवशी तिसऱ्यांदा ताट पुढे करतं. माशातल्या तेलाचा सर्वांत पक्का सिद्ध झालेला गुण म्हणजे रक्तातले ट्रायग्लिसराइड कमी करणं. आणि पांढऱ्या भाताचा ढीग नेमके तेच वाढवतो, मधुमेह असलेल्या माणसात तर अधिकच. म्हणून आमच्याकडे माशाच्या दिवशी भात आधी वाढला जातो, मोजून, आणि पातेलं आतच राहतं. कालवण उरलं तर नाचणीच्या भाकरीबरोबर. सोबत एखादी पालेभाजी किंवा काकडीची कोशिंबीर असतेच. मासे असले की भाजी करायची नाही ही आमच्याकडची जुनी रीत, ती मी मोडली.

२. स्वस्त मासे घ्यावेत

बाजारात गेलं की आमची मासेवाली म्हणते, "वैनी, सरंगो घेवा, बांगडे काय रोजचेच." मी म्हणते, "मावशे, माका बांगडेच दी." तिला त्यात तोटा दिसतो. मला मात्र त्या टोपलीत आमच्या किनाऱ्यावरची सर्वांत मोलाची चीज दिसते.

हृदयासाठी ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांचं नाव घेतलं जातं, ती म्हणजे मुख्यतः ईपीए आणि डीएचए. ती मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात तयार होतात. हे शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव पाण्यातून गाळून खाणारे मासे म्हणजे तारली, पेडवे, बांगडा. ते तेल त्यांच्या मांसातच साठतं. म्हणून बांगडा चिरताना हाताला तुपासारखा ओशटपणा लागतो. पावसाळा सरल्यावर मिळणारी तारली निखाऱ्यावर ठेवली की तिच्या अंगातून तेल टपटप गळतं आणि धूर होतो. पापलेट उत्तम मासा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं, आणि त्याची चव त्या मानाला शोभणारी आहे. त्यात चांगली प्रथिनं आहेत, मटणासारखी जड चरबी नाही. बोंबील, मुडदुशी, मांदेली हेही हलके, पचायला सोपे मासे. पण तेलकट माशाचा जो विशेष गुण आहे, त्यासाठी बांगडा आणि तारली यांच्याकडेच यावं लागतं.

पाहुण्यांना बांगडा वाढणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. मुंबईहून चाकरमानी येणार म्हटलं की सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी यांची धावपळ. त्या दिवसांत भावही गगनाला भिडतात. मला हे मनापासून खटकतं. रापणीत सकाळी ओढलेला, कल्ले लालभडक असलेला बांगडा हा ज्याच्या खिशाला फार परवडत नाही अशा हृदयरोग्याचा आधार आहे. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च सांभाळून आठवड्यातून दोनदा तो घेता येतो. पापलेटच खायचं ठरवलं तर ते महिन्यातून एकदाच होतं, आणि मग लोक म्हणतात, मासे खाणं आम्हाला झेपत नाही.

३. तळण कमी, तिखलं जास्त

अमेरिकेत पासष्टीपुढच्या हजारो माणसांवर चाललेल्या कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी या अभ्यासाचे माशांविषयीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. भाजलेले, ओव्हनमध्ये शिजवलेले मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी दिसलं. तळलेले मासे आणि माशाची सँडविचं खाणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. तिथले तळलेले मासे म्हणजे पिठात घोळवून कढईभर तेलात सोडलेले, बहुतेकदा कमी तेलकट जातीचे. आपली तव्यावरची तुकडी तशी नसते. तरी रवा लावलेली तुकडी किती तेल पिते, हे तवा पुसणाऱ्या हाताला कळतं. त्यातच कालचं उरलेलं तेल पुन्हा वापरलं तर अजून वाईट.

यांना तळलेल्या तुकडीशिवाय मासे खाल्ल्यासारखं वाटत नाही. म्हणून तुकडी पूर्ण बंद केली नाही. बिडाच्या तव्यावर चमचाभर शेंगदाण्याचं तेल, रवा नाही, मंद आच, वर झाकण. मसाला नीट मुरलेला असेल तर तुकडी तेवढ्यात होते. ती सणासुदीला.

रोजचं म्हणजे तिखलं. ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बांगड्याचे तुकडे धुऊन हळद लावून ठेवायचे. भिजवलेल्या बेडगी मिरच्या, थोडे धणे, हळद हे बारीक वाटायचं. पातेल्यात वाटण, कोकमाची सोलं, ठेचलेली तिरफळं आणि बेताचं पाणी घालून उकळी आणायची, मग मासे सोडायचे. डाव घालायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. आठ-दहा मिनिटांत मासा शिजतो. वरून हवं तर अर्धा चमचा कच्चं खोबरेल, नाहीतर तेही नाही. बांगड्याचं स्वतःचं तेल रश्शावर तवंगासारखं येतं आणि ते पोटातच जातं, कढईत राहत नाही. तिरफळाच्या वासाने मीठही कमी पुरतं. आमच्या आजीच्या चुलीवर हेच शिजायचं. तेल महाग होतं म्हणून ते तसं होतं. आज कार्डिऑलॉजिस्टने पथ्य लिहून द्यायला घेतलं तर त्यालाही याहून फारसं चांगलं सुचणार नाही, असं मला अगदी खरं वाटतं.

४. खोबऱ्याचा हात आखडावा

मालवणी माणसाला हे सांगणं कठीण. नारळाच्या तेलात संपृक्त चरबीचा वाटा ऐंशी टक्क्यांहून जास्त असतो आणि ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. एका बांगड्याच्या जोडीला अर्धा नारळ वाटून घातला की त्या माशाच्या गुणाला अर्धी खीळ बसते. मी वाटपातलं खोबरं निम्म्याहून कमी केलं, आणि दाटपणासाठी कांदा भाजून वाटू लागले. सोलकढीच्या जागी कोकमाचं पातळ सार, जिरं-कोथिंबीर घालून. नारळीपौर्णिमेला मात्र नारळीभात होतो, आणि व्हावाच.

५. बंदीच्या महिन्यांत मिठावर डोळा ठेवावा

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा मडक्यातली, डब्यातली सुकी मासळी निघते. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा याहून सुखाचं पावसातलं जेवण मला माहीत नाही. पण रक्तदाबाच्या आणि हृदय कमकुवत झालेल्या माणसासाठी हेच ताट सर्वांत धोक्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळ्या जेवणांत मिळून. खारा बांगडा मिठातच मुरवलेला असतो. त्याच्या जोडीला लोणचं आणि पापड आला, की दुपारच्या जेवणातच दिवसाचा हिशेब ओलांडला जातो. हृदय नीट पंप करत नसेल तर अशा जेवणानंतर पायांवर सूज येते, रात्री आडवं पडलं की धाप लागते.

सगळी सुकी मासळी सारखी नसते, हे इथे कामी येतं. बोंबील बहुधा मीठ न लावता बांबूच्या मांडवावर वाऱ्या-उन्हात वाळवतात. जवळाही बऱ्याच ठिकाणी नुसता उन्हात सुकवतात. घेताना विचारावं, जिभेवर ठेवून बघावं. जवळा कांद्यावर परतताना वेगळं मीठ घालूच नये. खारा बांगडा हवाच असेल तर तासभर पाण्यात घालून, पाणी दोनदा बदलून, एकाचे चार वाटे करावेत. आमच्याकडे या दोन महिन्यांत जवळा, अंड्याचा पांढरा भाग, कुळथाची पिठी आणि मूग यांवर भागतं.

६. किती खावं, आणि अभ्यास खरं काय सांगतात

या विषयाची गोष्ट ग्रीनलंडपासून सुरू होते. १९७०च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक तिथल्या इनुइट लोकांचं रक्त तपासायला गेले. सील, देवमासा, मासे खाणाऱ्या या लोकांच्या रक्तातली चरबी वेगळी आढळली, आणि त्यांना हृदयविकार कमी असतो या समजाशी तिची सांगड घातली गेली. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं, की त्या दोघांनी हृदयविकाराचं प्रमाण स्वतः मोजलंच नव्हतं, सरकारी नोंदींवर विसंबले होते. मला हे वाचून धक्का बसला, कारण वर्गात मी हीच गोष्ट उदाहरण म्हणून सांगत असे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. नेदरलँड्समधल्या झुत्फेन गावातल्या ८५२ पुरुषांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. १९८५ साली त्याचा निष्कर्ष आला: रोज सरासरी तीस ग्रॅम तरी मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू, मासे न खाणाऱ्यांच्या मानाने निम्म्याहून कमी. मग १९८९ मध्ये वेल्समधून खरी चाचणी आली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २०३३ पुरुषांपैकी काहींना तेलकट मासे खायचा सल्ला दिला. दोन वर्षांत त्या गटातले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. सगळीकडे आनंद झाला. मात्र त्याच मंडळींनी छातीत कळा येणाऱ्या, म्हणजे अंजायनाच्या, तीन हजारांहून जास्त पुरुषांवर पुन्हा चाचणी घेतली. २००३ मध्ये तिचा निकाल आला तो उलटा. फायदा नाही, आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत अचानक मृत्यू उलट जास्त.

या गोंधळातून बाहेर पडायला मला २०२१चा एक मोठा अभ्यास उपयोगी पडला. ५८ देशांतल्या एक लाख नव्वद हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात एकत्र केली होती. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आहे, त्यांच्यात आठवड्याला १७५ ग्रॅम किंवा जास्त मासे खाणाऱ्यांना पुढच्या आघाताचा धोका सुमारे सहाव्या हिश्शाने कमी दिसला. तेलकट माशांशी हा संबंध अधिक घट्ट होता. निरोगी लोकांत असा फरक दिसला नाही. अर्थात हा निरीक्षणाचा अभ्यास. मासे खाणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, एवढं ध्यानात ठेवलंच पाहिजे.

म्हणजे आमच्या घरासाठी उत्तर हे: आठवड्यातून दोनदा, दर वेळी शंभर ग्रॅमच्या आसपास शिजलेला मासा. मध्यम आकाराचा एक बांगडा. आमच्याकडे सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात, चतुर्थी-एकादशी वेगळी. वार पाळूनही हे सहज बसतं. रोज तीन वेळा खाल्ल्याने तिप्पट फायदा होतो, असं एकाही अभ्यासात मला सापडलेलं नाही. आणि यातल्या एकाही अभ्यासात असं म्हटलेलं माझ्या वाचनात आलं नाही, की मासे खाता म्हणून स्टॅटिनची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबवा.

७. बाटलीतलं तेल डॉक्टरांना विचारूनच

गणपतीला आलेले नातेवाईक कॅप्सूलच्या बाटल्या भेट आणतात, अगदी प्रेमाने. मी त्या कपाटात ठेवते, यांना देत नाही. २०१८ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल एकापाठोपाठ आले. अमेरिकेत २५,८७१ लोकांवरच्या 'व्हायटल' चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊन हृदयविकार, पक्षाघात वगैरे एकूण आघातांत लक्षणीय घट झाली नाही. ब्रिटनमधल्या पंधरा हजारांवर मधुमेहींच्या 'असेंड' चाचणीतही नाही. त्याच वर्षी 'रिड्यूस-इट'मध्ये शुद्ध ईपीएच्या दिवसाला चार ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेने, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या लोकांत, आघात पाव हिश्शाने घटले. पण २०२० मध्ये 'स्ट्रेंग्थ'मध्ये ईपीए-डीएचए दोन्ही असलेलं औषध तेवढ्याच मात्रेत देऊनही काही हाती लागलं नाही. तुलनेसाठी दिलेल्या तेलांतल्या फरकामुळे हा विरोध दिसतो का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. दोन्ही चाचण्यांत एक गोष्ट मात्र सारखी होती. मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, जास्त आढळला. स्टेंट बसवलेल्या माणसाला आधीच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्यात स्वतःच्या मनाने ही भर नको.

८. कोळंबी चालते, मोरी बेताने

कोळंबीत कोलेस्टेरॉल बरंच असलं तरी संपृक्त चरबी अगदी थोडी असते. तेलात डुंबवली नाही तर अधूनमधून खायला हरकत नाही. इतर माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत, म्हणजे मोरी ऊर्फ मुशी, तलवारमासा यांच्यात पारा साठत जातो. घरात सून गरोदर असेल किंवा लहान मूल असेल तर हे मासे टाळावेत. बांगडा-तारली आयुष्याने छोटे, त्यांच्यात पारा साठायला वेळच मिळत नाही.

९. बांगडा शिळा नको

बांगडा, तारली, कुपा या जातीचे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून, तळून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते आणि छातीत धडधडतं. हृदयरोग्याच्या घरात या धडधडीने सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि ती कशामुळे झाली हे ओळखणं घरच्या माणसाचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. म्हणून मासे घेताना कल्ला उघडून बघावा, पोट दाबून बघावं, डोळा खोल गेलेला नसावा. बाजारातून येताना पिशवीत बर्फ टाकून घ्यावा, घरी आल्यावर मासे ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसू नये.

१०. मासे खाणाऱ्यांनाही झटका येतो

आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मासे खाल्ले जातात, आणि तिथेही पन्नाशीच्या आतले पुरुष हृदयविकाराने गेलेले मी पाहिले आहेत. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला, इतर देशांतल्या लोकांना जवळपास ५९व्या वर्षी. कारणं ओळखीची आहेत: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, रक्तातली बिघडलेली चरबी. पहाटे जाळं ओढून आलेला माणूस विडी पेटवतो, बायका दाताला मिशरी लावतात. बांगड्यातलं तेल ती विडी फेडून देत नाही.

आपण मासे खातो, कष्ट करतो, आपल्याला काय होणार, या भरवशावर वेळ दवडला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. छातीत दाब आला, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरू लागला, घाम फुटला, की लिंबू-सोडा पिऊन पडून राहू नये. बायकांना आणि मधुमेहींना तर कधी नुसती धाप आणि मळमळच होते. त्याच मिनिटाला १०८ला फोन करावा आणि जिथे ईसीजी निघेल अशा सगळ्यात जवळच्या दवाखान्यात पोहोचावं. तालुक्यापासून लांब राहणाऱ्यांनी असा दवाखाना कुठला आणि रात्री तो उघडा असतो का, हे आजच विचारून ठेवावं. नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावा. आमच्याकडे तो फ्रीजच्या दारावर आहे.